फणसाच्या गाभ्याची फुलदाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : २०२०च्या निसर्ग वादळात परसातला फणस पडला. बुंध्याचा दोन फुटी ओंडका तेव्हापासून पडवीत आहे. दोन्ही तोंडांना भेगा गेल्यात. लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) फुलदाणी होईल का? (श्रीवर्धन)

होईल, आणि देखणी होईल. फणसाचा गाभा, म्हणजे आतलं पिवळं लाकूड, टिकाऊ; वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. कीड लागते ती बाहेरच्या फिकट लाकडाला, तेव्हा तिथे पिठासारखा भुसा पडतोय का एवढं बघा.

भेगांनी हबकू नका. सुकताना लाकूड घेराच्या दिशेने जेवढं आखडतं, त्याच्या साधारण निम्मंच भेंडाकडून (खोडाच्या अगदी मधल्या मऊ भागाकडून) सालीकडे आखडतं. या ओढाताणीत ओंडका उलतो. म्हणूनच भेंड मधोमध धरून फुलदाणी कधीही कातू नये. आधी तोंडं इंच-इंच कापत निरोगी लाकडापर्यंत जा. मग ओंडका भेंडातून उभा चिरा आणि भेंडालगतची दोन बोटं रुंद पट्टी सरळ काढून टाका. उरलेल्या दोन फाळ्यांतून ठोकळे पाडा.

सालीसकट पडलेला ओंडका आतून फार सावकाश सुकतो, इतक्या वर्षांनीही ओल असू शकते. तेव्हा एका दमात काम उरकू नका. पहिल्या खेपेला ओबडधोबड आकार देऊन आतून कोरा, भिंत व्यासाच्या एक दशांश ठेवा. १५ सेंटीमीटरच्या फुलदाणीला दीड सेंटीमीटर. काठाला आणि बुडाला मेण लावून सावलीत ठेवा. दर पंधरवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून आकडा पेन्सिलीने तिच्याच अंगावर लिहा. सलग दोन-तीन आकडे सारखे आले की लाकूड तुमच्या घरच्या हवेला रुळलं. कोकणात भर पावसात हे आकडे फसवतात, म्हणून शेवटचा हात दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत द्या.

प्रश्न : बाहेरचं पांढरट लाकूड पूर्ण काढून टाकावं का? (पुणे)

माझं मत, नाही. फणस कातताना सुरुवातीला फिकट ढलप्या उडतात आणि मग एका क्षणी पात्याखालून हळदीच्या रंगाची ढलपी निघते. तिथे मी लेथ थांबवतो आणि ठोकळा हाताने हळूहळू फिरवून बघतो. भेंड बाजूला टाकून काढलेल्या ठोकळ्यात गाभा एका अंगाला असतो, त्यामुळे पांढरी कड एकाच बाजूला उतरते. ती पोटावर आली तर आकार साधा ठेवायचा. मानेपाशी आली तर मान थोडी लांब. कागदावर आधी काढलेलं चित्र अशा वेळी विसरायला हवं. चिंचेत तर हे आणखी खरं. तिचा गाभा काळपट जांभळा, पण जुन्या झाडातही बेताचाच आणि वेडावाकडा. पांढरं काढत बसलात तर हाती पेला उरेल. मात्र फिकट भाग कीडका असेल तर मोह नको, काढून टाका.

प्रश्न : आतून कोरताना पटाशी अडकते, झटका बसतो. (नाशिक)

फुलदाणीत लाकडाच्या रेषा उभ्या असतात, म्हणजे आत तुम्ही रेषांच्या टोकांवर कातता. आधी मधोमध हव्या त्या खोलीपर्यंत ड्रिलने भोक पाडा आणि गोल पटाशी मधून काठाकडे न्या. बाहेरून कातताना उलट : जाड भागाकडून बारीक भागाकडे. पटाशी ज्यावर टेकवतात तो टेकू कामाच्या जवळ हवा, आणि आत जाल तसा लेथ थांबवून तो पुढे सरकवायला हवा. ठोकळा चौकोनी असेपर्यंत सगळ्यात कमी वेग. गोल झाल्यावर १५ सेंटीमीटरला मिनिटाला हजार फेरे पुरतात. तोंडावर फेस शील्ड आणि मास्क हवाच. शिसवीचा बारीक भुसा तर अनेकांना अंगावर पुरळ आणतो.

प्रश्न : दोन वर्षांत पिवळा रंग तपकिरी झाला. पॉलिश चुकलं का? (ठाणे)

चुकलं नाही. उजेडाने फणस मधाच्या रंगाकडे जातोच. थेट उन्हात ठेवली नाहीत तर हे सावकाश होईल, थांबणार नाही. जवसाचं तेल रंग आणखी गडद करतं. मी पारदर्शक लाखेचे पातळ हात देतो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कातारी फिरत्या कामावर रंगीत लाख चढवून केवड्याच्या पातीने घोटतात. ती झळाळी अप्रतिम असते, पण ते काम फिकट, साध्या लाकडावर शोभतं. एवढा गाभा असताना वर रंग कशाला?

प्रश्न : फणस विकत घेऊन तोडला तर परवानगी लागते का? आणि ताजी फुलं ठेवता येतील का? (चिपळूण)

लागते. महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत फणस, आंबा, चिंच, खैर, ऐन ही झाडं आहेत. आपल्या मालकीच्या जमिनीत असली तरी. पडलेल्या झाडाचं लाकूड गाडीत भरण्याआधीही वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. फुलांचं म्हणाल, तर पाणी थेट लाकडात नको. कोरतानाच आत काचेची नळी बसेल एवढं भोक ठेवा. नळी सैल हवी, कारण पावसाळ्यात लाकूड फुगून ती आवळू शकते.