रिक्वायरमेंटमधल्या 'सिनॅरिओ'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे की सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायला हवं ते, मराठीत लिहिताना 'सिनॅरिओ'साठी 'परिस्थिती' लिहिलं तर चालेल का. मला विचाराल तर नको, सरळ 'प्रसंग' लिहा. परिस्थिती म्हणजे आत्ता काय आहे ते, त्यात कोणी काही करत नाही. सिनॅरिओत एक माणूस काहीतरी काम घेऊन येतो, सिस्टिम त्याला काहीतरी उत्तर देते, मग तो पुढची पायरी करतो आणि शेवटी काम होतं किंवा अडतं, हे सगळं 'प्रसंग' म्हटलं की न सांगता येतं.

तसाही 'सिनॅरिओ' हा शब्द मूळचा नाटकातलाच. इटलीत १६व्या शतकापासून कॉमेदिया देल्लार्ते म्हणून नाटकं व्हायची, त्यात संवाद लिहून दिलेले नसत, कोण कधी येतो आणि काय घडतं एवढाच आराखडा असायचा, तो सेनारिओ, बाकी बोलणं नट आयत्या वेळी रचायचे. रिक्वायरमेंटमध्येही तेच हवं, काय घडतं ते लिहा, बटण कुठल्या कोपऱ्यात ते डिझाइनवाले बघतील.

आता हे वाक्य बघा: 'युजरला पासवर्ड रीसेट करता आला पाहिजे.' वाचून सगळे माना डोलावतात. आता प्रसंग लिहा: एका बाईंनी मोबाइल नंबर बदललाय, पासवर्ड आठवत नाही, त्या 'पासवर्ड विसरलात?' वर क्लिक करतात, ओटीपी जुन्या नंबरवर जातो, आणि तो नंबर आता दुसऱ्याच कोणाकडे आहे. इथे लगेच प्रश्न उभे राहतात, ईमेलवर कोड पाठवायचा का, ओळख कशी पटवायची, किती चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं लॉक करायचं. त्या एका वाक्यात यातलं काहीच दिसत नव्हतं! म्हणून मला शब्दाबद्दल एवढं वाटतं, 'परिस्थिती' लिहिलं की लोक 'युजर पासवर्ड विसरला आहे' एवढंच लिहून थांबतात.

युज केस आणि सिनॅरिओ एकच का, असंही विचारलंय. नाही. युज केस म्हणजे एखादं काम करून घ्यायला माणूस सिस्टिम कशी वापरतो त्याचं वर्णन. ती स्वीडिश सॉफ्टवेअरतज्ज्ञ इव्हार जेकबसन यांनी १९८०च्या दशकात मांडली, तिच्या पोटात एकाच उद्दिष्टाचे अनेक प्रसंग असतात: सगळं सुरळीत झालं तो मुख्य प्रसंग, वेगळ्या वाटेने काम झालं तो पर्यायी, आणि फसलं तो अपवादाचा. वरचा बाईंचा प्रसंग पर्यायी की अपवादाचा हे शेवटी त्यांना आत जाता आलं का यावर ठरेल.

टेस्टिंगवाल्यांसाठी एक गोष्ट, गर्किनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या टेस्ट साध्या वाक्यांत लिहायच्या भाषेत, मराठी कीवर्ड (टूल ओळखतं ते ठरावीक शब्द) आहेत आणि तिथे सिनॅरिओला 'परिदृश्य' ठेवलंय. मला तो शब्द हिंदीच्या वळणाचा वाटतो, पण मराठी कीवर्ड वापरायचे तर फाइलमध्ये तोच लिहावा लागेल नाहीतर टूलला कळणार नाही. क्लायंटसोबत बसून लिहिताना मात्र प्रसंगच म्हणा, आणि बोलताना टीम 'तो सिनॅरिओ' म्हणत असेल तर खुशाल म्हणू दे.