वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा उमर खय्याम

प्रश्न : १९५७ च्या ‘ओमर खय्याम’ या हॉलिवुडपटात खय्याम, वजीर निजाम आणि मारेकऱ्यांच्या पंथाचा हसन यांच्या दोस्तीचा धागा आहे. तिघं एकाच गुरूकडे शिकले, हे खरं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सनावळी मांडली की गोष्ट कोसळते. निजाम-उल-मुल्क (बाजीरावाने पालखेडला कोंडला तो नव्हे, हा सेल्जुक सुलतानांचा वजीर) जन्मला १०१८ मध्ये, खय्याम १०४८ मध्ये. हसन सब्बाह वारला ११२४ मध्ये. तो निजामाचा वर्गमित्र असता, तर मरताना शंभरी उलटून गेलेला असता. इंग्रजी कवी फिट्झजेराल्डने १८५९ साली खय्यामच्या रुबायांच्या (चार ओळींच्या फार्सी कवितांच्या) इंग्रजी अनुवादाच्या प्रस्तावनेत ही दंतकथा दिली आणि ती इंग्रजी वाचकांत रुजली. पटकथाकारांना तिचा मोह पडला नसता तरच नवल!

वैर मात्र अस्सल आहे. हसनने १०९० मध्ये अलमूतचा डोंगरी किल्ला घेतला. ऑक्टोबर १०९२ मध्ये निजाम इस्फहानहून बगदादकडे निघाला असताना नहावंदजवळ सूफीच्या वेशातल्या मारेकऱ्याने त्याला भोसकलं. महिना-सव्वा महिन्यात सुलतान मलिकशाहही गेला. एवढं नाट्य आयतं असताना हॉलिवुडने बरीचशी रिळं जनानखान्यातल्या प्रेमावर उधळली आहेत. कॉर्नेल वाइल्डचा खय्याम तलवार छान चालवतो, पण खरा खय्याम गणिती होता. मलिकशाहच्या हुकमावरून १०७९ मध्ये सुरू झालेल्या जलाली पंचांगाच्या मंडळात तो होता. ३३ वर्षांत ८ लीप वर्षं हा हिशेब त्याच्या नावावर सांगितला जातो. त्यातून वर्ष सरासरी ३६५.२४२४ दिवसांचं येतं; आपल्या भिंतीवरच्या इंग्रजी कॅलेंडरचं ३६५.२४२५.

प्रश्न : रुबाया मराठीत कुठल्या वाचाव्यात?

उत्तर : माधव जूलियन यांच्या. ‘उमर खय्यामकृत रुबाया’ (१९२९) मूळ फार्सीवरून आहेत, तर ‘द्राक्षकन्या’ (१९३१) फिट्झजेराल्डवरून. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

प्रश्न : आमच्या चित्रपट मंडळात हाच चित्रपट दाखवायचा आहे. पडदा ८ × ६ फूट. चाचणीत सगळ्यांचे चेहरे पसरट दिसले. हा सिनेमास्कोप आहे का?

उत्तर : नाही, व्हिस्टाव्हिजन. सिनेमास्कोपमध्ये भिंगाने चित्र आडवं दाबून फिल्मवर उतरवतात आणि प्रोजेक्टरवर दुसऱ्या भिंगाने पुन्हा फुलवतात. व्हिस्टाव्हिजनमध्ये दाबादाबी नसते. ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्यातून आडवी धावते, एका चौकटीला फिल्मच्या कडेची ४ ऐवजी ८ छिद्रं लागतात, निगेटिव्ह दुपटीहून मोठी मिळते. तिच्यावरून नेहमीच्या उभ्या प्रती काढल्या की चित्र कणीदार दिसत नाही. फिल्म मात्र मिनिटाला ९० ऐवजी १८० फूट खर्च होते.

तुमचे चेहरे पसरतात ते ४:३ (रुंदी:उंची) ची प्रत १६:९ मध्ये ताणली गेल्यामुळे. रुंदी एक तृतीयांशाने वाढते. प्लेअर आणि प्रोजेक्टर दोन्हींकडे मूळ प्रमाण निवडा, एकीकडे बदलून भागत नाही.

मग श्रेयनामावली बघा. अक्षरं दोन्ही कडांना कापली जात असतील, तर बाजूंचं पाव भागाहून जास्त चित्र आधीच गेलेलं आहे. त्याला इलाज नाही, दुसरी प्रत शोधा. अक्षरं पूर्ण आहेत, पण डोक्यांवर ओसाड जागा दिसते? मग प्रत झाकणीविना, म्हणजे चित्रपटगृहात वर-खाली झाकला जाणारा भागही ठेवून, उतरवलेली आहे आणि काम सोपं आहे. व्हिस्टाव्हिजनसाठी १.८५:१ हे प्रमाण सुचवलेलं होतं. ८ फुटी रुंदीला उंची ५२ इंच पडते, म्हणजे पडद्यावर वर-खाली १०-१० इंचांची काळी पट्टी लावायची. कापड मॅट हवं, सॅटिन चमकतं. पट्ट्या आधी टाचण्यांनी लावा, गर्दीचा आणि जवळून घेतलेल्या चेहऱ्याचा असे दोन प्रसंग चालवून बघा. डोकी कापली जात असतील तर दोन्ही पट्ट्या सारख्याच वर सरकवा, मगच पक्क्या करा. प्रत मुळातच रुंद असेल, तर चित्राच्या कडेबरहुकूम कापड लावा, आत शिरू देऊ नका.