परदेशात मिशनरी म्हणून गेलेली तरुण मुलं दिवसभर नक्की करतात काय? घरापासून एवढ्या लांब श्रद्धा टिकते का?

प्रश्न वाचून हसू आलं, कारण हाच प्रश्न मला माझ्या सख्ख्या मामाने विचारला होता, फक्त त्याच्या भाषेत, "तिकडे जाऊन करतोस काय रे तू, लोकांना बाटवतोस का?" मामा स्वतः कॅथलिक आहे हे आधीच सांगून टाकतो.

मी वसईचा, वय २७, अजून फादर झालेलो नाही, ब्रदर आहे. आमच्यात दीक्षेच्या आधी दोन वर्षं बाहेरच्या मिशनवर पाठवतात, मला पापुआ न्यू गिनी मिळालं. सिम्बू प्रांत, सगळा डोंगराळ भाग, जवळचं गाव कुंडियावा. देशातला सगळ्यात उंच डोंगर माउंट विल्हेल्म, ४,५०९ मीटर, याच बाजूला. मी आपला विषुववृत्त म्हणजे घाम असं धरून बॅगेत कॉटनचे शर्ट आणि मच्छर अगरबत्ती भरून आलो आणि पहिल्याच रात्री दोन ब्लँकेटं घेऊन कुडकुडत बसलो.

तर मामाला दिलेलं उत्तर असं की बाटवायला इथे कोणी शिल्लकच नाहीये. ९५ टक्क्यांच्या वर लोक आधीच ख्रिस्ती आहेत. डिव्हाइन वर्ड या कॅथलिक संघाचे जर्मन मिशनरी १८९६ मध्येच उत्तर किनाऱ्यावर उतरले होते, या डोंगरात ते १९३० च्या दशकात पोचले. म्हणजे माझ्यावर नवीन असं काहीच सोपवलेलं नाही. पहाटे साडेपाचला उठायचं, प्रार्थना, मिस्सा (चर्चमधली रोजची मुख्य उपासना), मग पावसाच्या पाण्याची टाकी बघायची, जनरेटर रुसला असेल तर त्याची मनधरणी, शाळेत दोन तास, आणि आठवड्यातून दोनदा चिखल तुडवत तीन-तीन तास चालून लांबच्या वस्त्यांवर. जेवायला कौकौ, म्हणजे आपलं रताळं, सकाळ-संध्याकाळ तेच. आपण उपवासाला एक दिवस खातो तेव्हा किती कौतुक असतं त्याचं!

लहानपणी वसईत संत गोन्सालो गार्सियाची गोष्ट ऐकून वाढलो. आमच्याच मातीतला माणूस, जपानला गेला, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर भाल्याने मारला गेला, १८६२ मध्ये संत झाला. त्यामुळे मिशनरी म्हणजे भाला हे डोक्यात फिट्ट. प्रत्यक्षात मला आजवर झालेली एकमेव दुखापत म्हणजे संडासाच्या वाटेवर घसरून मुरगळलेला घोटा.

खरं अवघड प्रकरण म्हणजे भाषा. या देशात ८०० च्या वर भाषा आहेत, आमच्या भागात कुमान, आणि सगळ्यांना जोडणारी टोक पिसिन. पिसिन ऐकायला सोपी वाटते पण मनातलं बोलायचं झालं की सगळं पोटातून, त्यांच्या शब्दात 'बेल'. दुःख झालं तर बेल हेवी, पोट जड. पश्चात्ताप म्हणजे तानिम बेल, पोट फिरवणं. मला हे लगेच पटलं, आपल्याकडे पण माया पोटात असते आणि गुपित पोटात ठेवतात. पण पहिल्या महिन्यात मी मिस्सेत वाचन करताना काय उच्चार केला देव जाणे, पुढच्या बाकावरची पोरं फुटलीच. त्यातली आठ वर्षांची एक मुलगी आता माझी टीचर आहे आणि ती माझ्या प्रोव्हिन्शिअलपेक्षा, म्हणजे संघातल्या माझ्या वरिष्ठांपेक्षा, कडक आहे.

आता श्रद्धेचं. हे जरा लांबेल.

इथे संगुमा म्हणून प्रकार आहे, करणी म्हणा. तरुण माणूस अचानक मेला की कोणीतरी केलं असणार असं धरतात आणि बोट बहुतेक वेळा एखाद्या एकट्या बाईकडे जातं. मग जे होतं ते इथे लिहीत नाही. जादूटोण्याचा दावा मान्य करणारा इथला जुना कायदा २०१३ मध्ये रद्द झाला, आणि गंमत बघा, आपल्याकडे दाभोलकरांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला तो पण २०१३ मध्येच. कायदा कागदावर बदलतो, वस्तीवर बदलायला वेळ लागतो, दोन्हीकडे.

गेल्या वर्षी एका रात्री एक विधवा बाई आमच्याकडे धावत आली, पायात काही नाही, गळ्यात बिलुम (इथली विणलेली झोळी). मागून पंधरा-वीस माणसं. सिस्टरांनी तिला आत घेतलं. आमचे फादर इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरचे, पन्नाशीचे, ते फाटक उघडून सरळ बाहेर गेले आणि त्या माणसांसमोर जमिनीवर बसले. खिशातून बुआई काढली, म्हणजे सुपारी, आणि वाटायला लागले. इथे सुपारी पानात बांधत नाहीत, पानवेलीचं शेंगेसारखं फळ असतं, दाका, ते चुन्यात बुडवून सुपारीबरोबर चावतात. माझ्या आजोबांची वसईत पानवेलीची वाडी होती, आयुष्यभर पान खुडलं पण ते फळ खातात हे त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी वेड्यात काढलं असतं. असो. फादर येशूबद्दल एक शब्द बोलले नाहीत. ज्याच्या मरणाचं बोट तिच्याकडे गेलं होतं तो मुलगा कसा होता, त्याची डुकरं आता कोण बघणार, असलं बोलत राहिले आणि सगळे लाल थुंकत बसले पहाटेपर्यंत. मी काय करत होतो? मी आत खिडकीखाली जपमाळ घेऊन बसलो होतो, पिसिन पार विसरलो, नमो मरिये मराठीतच, आणि कितवा मणी ते तीनदा चुकलो. हात थरथरत होते. बाहेर जावं असं वाटलं, गेलो नाही. तुम्ही श्रद्धा विचारलीत म्हणून सांगितलं, मला त्या रात्री जास्त करून भीतीच आठवते.

ती वाचली. पण घरी परत नाही जाऊ शकली. अकरा दिवस आमच्याकडे राहिली, मग लांबच्या वस्तीवरची भावकी येऊन घेऊन गेली. मी रोज प्रार्थना करत होतो की तिला तिच्या घरी जाता येऊ दे. तिच्या मळ्यातली रताळी शेजाऱ्यांनी खणून खाल्ली, त्यातले दोघं रविवारी मिस्सेला पुढे बसतात आणि मी त्यांना शांतीचा हात देतो. देतो, पण पोट फिरत नाही. फादरांना हे बोललो तर म्हणाले, तू हात देत राहा, पोटाचं नंतर बघू.

आई घरची रोझरी आटपली की रात्री आठला फोन करते, तेव्हा इथे साडेबारा झालेले असतात. जेवलास का विचारते. हे सगळं तिला सांगितलेलं नाही, मामालाही नाही.

त्या बाईने जाताना बिलुममधून रताळ्याच्या वेलांची जुडी काढून माझ्या हातात दिली, लावायला. पळताना तेवढंच घेऊन आली होती बहुतेक. मी किचनच्या मागे लावली. सिस्टर म्हणतात वाफा उथळ केलास, बेणं आडवं लावायचं असतं, आणि अर्धी जुडी तर डुकरानेच खाल्ली. उरलेल्याला पाला चांगला आलाय, खाली काही धरलंय का ते अजून उकरून बघितलं नाही.