पट 11, मग शाळा चांगली की वाईट?

प्रश्न : बाई नमस्कार, आम्ही गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो, मिस्टर मुंबईला असतात. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. जिल्हा परिषदेची शाळा घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे पण पहिली ते पाचवी मिळून पट 11, शिक्षक दोन, त्यातले एक गुरुजी अधूनमधून दुसऱ्या शाळेवर कामगिरीला जातात. मध्यंतरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलं की आमच्या शाळेत तिसरीच्या 50 टक्केच मुलांना वाचता येतं. सासूबाई म्हणतात इथेच घाल, मिस्टर म्हणतात इंग्लिश मीडियमची व्हॅन येते ना, 9 किलोमीटर तर आहे. शाळा चांगली की वाईट हे नक्की बघायचं कसं? – एक आई

उत्तर : आधी ते 50 टक्के बघू. तिसरीत मुलं किती आहेत ते विचारलंत का? पट 11 आणि वर्ग पाच म्हणजे तिसरीत बहुधा दोनच मुलं असणार, एक वाचतं आणि एक अजून अडखळतं, झाले 50 टक्के. त्या दुसऱ्या मुलाला दिवाळीनंतर वाचता आलं की लगेच 100 टक्के. एवढ्याशा पटावर टक्केवारी काढून ग्रुपवर टाकणं मला अजिबात पटत नाही, त्यात त्या पोराचं नाव घेतलं नाही तरी अख्ख्या वाडीला कळतं कोण ते.

केंद्रप्रमुख असताना, म्हणजे आसपासच्या शाळांची देखरेख माझ्याकडे असताना, मी स्वतः यात फसले आहे. माझ्याकडच्या एका शाळेत तिसरीत चार मुलं होती, तीन छान वाचायची, म्हणजे 75 टक्के. नोव्हेंबरात हापूसच्या बागेत राखणीला एक नेपाळी कुटुंब आलं, त्यांचा मुलगा तिसरीत दाखल झाला, त्याला मराठीचं अक्षर माहीत नव्हतं, आणि शाळा 60 टक्क्यांवर आली. मी भेटीच्या वहीत बाईंना शेरा मारला, प्रगती घटली म्हणून. बाई काही बोलल्या नाहीत. एप्रिलमध्ये परत गेले तर तोच मुलगा गेटवर उभा राहून येणाऱ्या एसटीची पाटी वाचत होता, 'चि-प-ळूण', आणि लहान पोरांना सांगत होता कुठली गाडी आली ते. त्या बाईंनी पाच महिन्यांत केलेलं काम माझ्या टक्केवारीत कुठेच दिसत नव्हतं. तो शेरा मारला याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून एका शाळेच्या एका वर्षावर जाऊ नका. बघायचंच तर अख्खं केंद्र बघा, म्हणजे आसपासच्या सगळ्या शाळा मिळून, आणि तेही तीनचार वर्षांचं. प्रत्येक शाळेला सरकारी नोंदीचा 11 अंकी युडायस नंबर असतो, त्यावरून सरकारी पोर्टलवर पट, मुली किती, शिक्षक किती, खोल्या, शौचालय, वीज हे सगळं कुणालाही बघता येतं. मात्र तिथे शाळेत काय काय आहे ते कळेल, शाळेत काय चालतं ते कळणार नाही. मोठी सर्वेक्षणं होतात त्यांचंही असंच, डिसेंबर 2024 मध्ये परख सर्वेक्षण झालं तिसरी, सहावी आणि नववीचं, पण त्यात निवडलेल्या शाळांतली निवडलेली मुलं असतात आणि त्यावरून जिल्ह्याचं चित्र काढतात, तुमच्या वाडीच्या शाळेचा निकाल त्यात शोधायचाच नसतो.

आणि पट कमी म्हणजे शाळा वाईट हे तर डोक्यातून काढूनच टाका. 2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 16 टक्के वाढली आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटलीच. घरं बंद, कुलपं गणपतीला आणि शिमग्याला उघडणार, मग पहिलीत मुलं आणायची कुठून? यात गुरुजींचा काय दोष. उलट दहावीला बघा, कोकण बोर्ड म्हणजे आपलेच दोन जिल्हे, 2025 ला राज्याचा निकाल 94.10 टक्के आणि कोकणचा 98.82, दरवर्षी आपणच पहिले. त्यातल्या कितीतरी मुलांनी पाटी असल्याच वाडीवरच्या शाळेत हातात धरली. अर्थात दहावी पास होणं वेगळं आणि तिसरीत नीट वाचता येणं वेगळं, दहावीच्या निकालावर पाचवीपर्यंतची शाळा जोखू नका एवढंही सांगते.

आता खरंच काय बघायचं. एक दिवस शाळेत जाऊन तासभर मागे बसा, हक्काने बसा. दोनशिक्षकी शाळेत एक बाई दोनतीन वर्ग एकत्र घेतात, तर पहिलीला शिकवताना तिसरीची पोरं काय करतात ते बघा, हातात काम आहे की नुसती गप्प बसवली आहेत. मग चौथीतल्या एखाद्या मुलाची वही मागा. लाल पेनाने बरोबरची खूण सगळेच करतात, चुकलेलं गणित मुलाने खाली परत केलंय का आणि ते परत तपासलंय का ते बघा. त्याला दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला द्या आणि हातच्याची वजाबाकी घाला, 52 वजा 27 सारखी. 'असर' नावाचं मुलांच्या वाचन-गणिताचं सर्वेक्षण करणारे गावोगाव फिरून साधारण हेच तपासतात, तुम्हीही करू शकता, फक्त प्रेमाने करा, परीक्षा घेतल्यासारखं नको.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या गुरुजींच्या कामगिरीची. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 पटापर्यंत दोन शिक्षक हवेत, कागदावर ते आहेतही, पण एक बाहेर आणि दुसऱ्या बाई मीटिंगला किंवा ऑनलाइन माहिती भरायला बसल्या तर मुलांजवळ कोण? महिन्यातले किती दिवस दोघंही वर्गावर होते हे शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये विचारा आणि इतिवृत्तात लिहायला लावा. समितीत 75 टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका, ती फक्त सह्या करायला नाही. तीन महिने नोंद झाली की तोच कागद घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

व्हॅनचं म्हणाल तर सहा वर्षांची पोर रोज 18 किलोमीटर घाटवळणाने जाणार, पावसात तर बघायलाच नको, आणि घरी तिचा इंग्लिशमध्ये अभ्यास घेणारं कोणी आहे का? नसेल तर मी सासूबाईंच्या बाजूने. पण आधी तो तासभर बसून या, मन खट्टू झालं तर मला परत लिहा.

प्रश्न : दाखल करताना शाळेत जात, प्रवर्ग, धर्म, घरची भाषा सगळं विचारतात. मुलांची अशी वाटणी कशाला? – एक बाबा, दापोली तालुका

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, पण ही माहिती मुलांच्या शिष्यवृत्तीला लागते. उदाहरणार्थ पाचवीपासून अनुसूचित जाती आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती असते, प्रवर्ग चुकीचा पडला की ती अडकते आणि मग दाखल्यासाठी हेलपाटे. 2022-23 पासून युडायसमध्ये एकेका मुलाची वेगळी नोंद होते म्हणून नाव, जन्मतारीख स्वतः समोर बसून तपासा. वर्गात मात्र ही यादी मोठ्याने वाचून दाखवत असतील तर जरूर हरकत घ्या.

प्रश्न : आमच्या शाळेचा पट 8, शेजारच्या शाळेत समायोजन करू, म्हणजे आमची शाळा तिच्यात मिळवू म्हणतात, अंतर एक किलोमीटरच्या आत दाखवलंय. मध्ये पऱ्या (ओढा) आहे. समितीने काय करावं? – समिती अध्यक्ष, राजापूर तालुका

उत्तर : नियमात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन. पण ते अंतर कागदावर कसं मोजलं ते विचारा. मे महिन्यात पऱ्या कोरडा असतो, तेव्हा सगळंच जवळ. तुम्ही जुलैमध्ये दप्तर पाठीला लावलेल्या मुलासोबत पऱ्यावरच्या साकवावरून (छोट्या पुलावरून) चालत जा, साकव पाण्याखाली जातो ते दिवस वहीत तारखेनिशी टिपा, फोटो काढा, आणि साकव टाळून रस्त्याने किती पडतं ते मोटारसायकलवर मोजा. हे सगळं ग्रामसभेच्या ठरावाला जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या.

एक मात्र तुम्हाला आवडणार नाही तरी लिहिते. पुढच्या तीन वर्षांत वाडीत पहिलीला येणारी मुलं किती ते अंगणवाडीच्या ताईंना विचारा. पाचसहा असतील तर शाळेसाठी भांडा, मी तुमच्यासोबत आहे. एकही नसेल आणि पट दोनावर येणार असेल तर शाळेसाठी भांडण्याऐवजी गाडीसाठी भांडा, लांबच्या मुलांना वाहतूक भत्ता मिळतो तो लेखी घ्या, गाडी पऱ्याच्या अलीकडे थांबेल की पलीकडे तेही त्यात लिहून घ्या. दोन मुलांना लंगडी तरी कोणाबरोबर खेळता येणार?