पुढच्या तारखेचा रकाना

प्रिय डॉक्टर,

रुजू होताच मानसिक आरोग्याचं तपासणी शिबिर घ्यायचा बेत कळवलास. जरा थांब. नैराश्याची प्रश्नावली फिरवली की पन्नास-शंभर नावं सहज निघतील. दुसऱ्या दिवशी त्यांना पाठवणार कुठे? ज्याच्या उत्तराची सोय नाही तो प्रश्न विचारू नये, या मताचा मी आहे.

आधी औषधांचा साठा बघ. नवखा असताना एका दवाखान्यात मी नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिनच्या सात-सात दिवसांच्या गोळ्या द्यायचो. माणूस आठवड्याने यायचा तेव्हा साठा संपलेला. या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, बेचैनी मात्र आधी सुरू होते. म्हणजे त्रास पदरात पडला आणि गुण यायच्या आत गोळी बंद! 'काही उपयोग नाही त्या औषधाचा' असं लोक म्हणणारच. एकदा रजिस्टर उघडलं तर 'पुढची तारीख' हा रकाना पानंच्या पानं कोरा, आणि अक्षर माझंच. फिट्सच्या रुग्णाची गोळी अशी अचानक तुटली तर जिवावर बेततं.

तज्ज्ञ नाही म्हणून अडून मात्र बसू नकोस. झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारेत १४ आज्यांना समुपदेशन शिकवलं. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून त्या बोलत. त्यांच्या बोलण्यात नैराश्य हा शब्दच नाही. शोना भाषेतलं 'कुफुंगिसिसा', म्हणजे अतिविचार. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी लक्षणं उरलेले लोक नेहमीच्या उपचारांत सुमारे ५० टक्के होते, तर बाकावर बसलेल्यांत १४ टक्क्यांच्या आसपास. ही गोष्ट सांगताना सगळे आजीचं कौतुक करतात. तिच्या पाठीशी असलेली नियमित देखरेख कुणालाच आठवत नाही (भाषणात ती रंगत नाही ना!).

म्हणून प्रशिक्षण दोन दिवस कमी चालेल, पण आठवड्यातला एक तास आरोग्यसेविकांसाठी राखून ठेव. कुणापुढे शब्द सुचले नाहीत, कुणाच्या घरून परतल्यावर झोप लागली नाही, ते बोलू दे. आत्महत्येचा विचार कुणी बोलून दाखवला तर त्याच घडीला कुणाला फोन करायचा, तो नंबर प्रत्येकीकडे असू दे. रात्रीचा फोन उचलणाराही ठरव. बहुधा तूच.

शिबिराचं नंतर बघू. तूर्त रजिस्टरमधले, गेल्या महिन्यात न फिरकलेले पाच जण शोध आणि ते का आले नाहीत ते मला कळव.

तुझा,
एक जुना डॉक्टर