रीड-ओन्ली कनेक्शन: सेटिंग पुरेल की वेगळा रोल हवा?

जँगो या पायथन वेब फ्रेमवर्कच्या सेटिंग्जमध्ये 'रिपोर्ट्स' नावाचं दुसरं डेटाबेस कनेक्शन टाकलं, त्यात 'डीफॉल्ट_ट्रान्झॅक्शन_रीड_ओन्ली' (मुळात फक्त वाचू देणारी सेटिंग) ऑन केलं, वर कोणती क्वेरी कोणत्या कनेक्शनवर जाईल हे ठरवणारा राउटरही लिहिला. आता पोस्टग्रेस डेटाबेसमधल्या डेटाला धक्का लागणार नाही ना, असं तुम्ही विचारलंय. चुकून होणारं सेव्ह अडेल, त्यापलीकडे भरवसा ठेवू नका. त्या सेटिंगच्या नावातच 'डीफॉल्ट' आहे. त्याच कनेक्शनवर कोणी साधी सेट कमांड दिली की ते ऑफ होतं. आणि कोडमध्ये 'यूजिंग' लिहून कनेक्शनचं नाव दिलं किंवा कच्चं एसक्यूएल चालवायला थेट कर्सर उघडला, तर राउटरला विचारतंय कोण?

म्हणून त्या कनेक्शनसाठी वेगळा रोल (डेटाबेसचा यूजर) करा आणि त्याला फक्त सिलेक्टचा, म्हणजे वाचण्याचा हक्क द्या. इथे मी स्वतः आपटलोय. 'ग्रँट सिलेक्ट ऑन ऑल टेबल्स' दिलं, सगळं छान चाललं. दोनेक आठवड्यांनी मायग्रेशनमधून (टेबलांची रचना बदलणाऱ्या जँगोच्या फाइलमधून) एक नवीन टेबल आलं आणि रिपोर्ट उघडताच 'परमिशन डिनाइड'. ती ग्रँट त्या क्षणी असलेल्या टेबलांनाच लागू होते. मग पुढे बनणाऱ्या टेबलांचे हक्क ठरवणारं 'ऑल्टर डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस' चालवलं, तरी पुढच्या टेबलाला तेच! कारण मी ते सुपरयूजर म्हणून चालवलं होतं आणि टेबलं बनवत होता ॲपचा यूजर. मायग्रेशन ज्या रोलने चालतं त्याच्यासाठीच ते द्यावं लागतं. पोस्टग्रेस १४ पासून 'पीजी_रीड_ऑल_डेटा' हा तयार रोल मिळतो, पण तो पगाराच्या टेबलासकट सगळंच वाचू देतो.

डेटाबेस पोस्टग्रेस १५ च्या आधीच्या व्हर्जनवर बनलेला असेल तर 'पब्लिक' स्कीमात (टेबलांच्या मूळ कप्प्यात) कोणालाही टेबल बनवता येतं, तुमच्या या 'रीड-ओन्ली' रोललाही. तो सगळ्यांना मिळालेला क्रिएटचा हक्क रिव्होक करा, म्हणजे काढून घ्या. नुसतं व्हर्जन वाढवून जुने हक्क जात नाहीत.

राउटर मात्र मी काढूनच टाकेन. पुढेमागे रेप्लिका (डेटाबेसची सतत अपडेट होणारी प्रत) आणलीत आणि सगळी वाचनं तिकडे वळवलीत, तर पत्ता बदलून सेव्ह करणाऱ्याला पुढच्या पानावर जुनाच पत्ता दिसू शकतो. रेप्लिका थोडी मागे असतेच. रिपोर्टच्या व्ह्यूमध्येच 'यूजिंग' लिहा, बाकीचं प्रायमरीवर, म्हणजे मूळ डेटाबेसवर राहू द्या. रेप्लिकावर लांबलेली क्वेरी 'कॉन्फ्लिक्ट विथ रिकव्हरी' म्हणत मध्येच मेली, तर रेप्लिका अशा क्वेरीसाठी किती थांबेल हे ठरवणारं 'मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले' बघा, मुळात ३० सेकंद असतं.

टेस्टमध्ये 'रिपोर्ट्स'ला 'मिरर' म्हणून 'डीफॉल्ट' (मुख्य कनेक्शन) द्या, नाहीतर 'रिपोर्ट्स' वेगळ्या सर्व्हरवर गेल्यावर जँगो तिथे दुसरा रिकामा डेटाबेस बनवायला जाईल.