वाचकांचे प्रश्न : मार्चच्या सुट्टीत मेक्सिको सिटी

प्रश्न : मुलगी टेक्सासमध्ये एम. एस. करते. मार्चमध्ये आठवड्याची सुट्टी आहे, तेव्हा तिघी मैत्रिणी मेक्सिको सिटीला जायचं म्हणतायत. वेगळा व्हिसा लागेल का? परत येताना अडवणार तर नाहीत? — एक आई, नाशिक

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू मुदतीचा व्हिसा असेल, तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र पासपोर्टमधल्या अमेरिकी व्हिसाच्या शिक्क्यावरची तारीख आत्ताच बघून घ्यायला सांगा. बऱ्याच मुलांचा गोंधळ इथेच होतो. आय-२० (विद्यापीठाने दिलेलं विद्यार्थी असल्याचं पत्र) वैध असतो, कॉलेज सुरळीत चालू असतं, म्हणून व्हिसाही चालू आहे असं ती धरून चालतात. शिक्क्याची मुदत संपली असेल, तर मेक्सिकोत शिरायला त्यांच्या वकिलातीतून व्हिसा काढावा लागेल.

अशा मुलांना अमेरिकेत परतण्यासाठी एक सवलत आहे. मेक्सिकोतला मुक्काम ३० दिवसांच्या आत असेल आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची सरकारी नोंद) व आय-२० वैध असतील, तर संपलेल्या शिक्क्यावरही परत घेतात. पण त्या मुक्कामात नव्या व्हिसासाठी अर्ज केला, की ही सवलत गेली.

शिक्का चालू असो वा नसो, आय-२० च्या दुसऱ्या पानावर प्रवासाची सही हवीच. ती १२ महिने चालते; शिक्षणानंतरच्या ओपीटीवर, म्हणजे कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर असेल तर ६ महिने. सुट्टीच्या आदल्या आठवड्यात विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात झुंबड असते, म्हणून सही फेब्रुवारीतच घ्यावी. नियम अलीकडे वरचेवर बदलतात; तिकीट काढण्याआधी तिथेच एकदा विचारून घ्यावं. मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवावेत, सामानात टाकू नयेत. परतल्यावर आय-९४ ची नोंद ऑनलाइन तपासावी. तिथे एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) आणि डी/एस (शिक्षण चालू असेपर्यंत मुक्काम) दिसलं पाहिजे.

प्रश्न : मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. मेक्सिकन जेवण आपल्यासारखंच असतं म्हणतात. मग काळजी नको ना? — विद्यार्थिनी, डॅलस

मिरची, कोथिंबीर, लिंबू, राजमा, तव्यावरची पोळी, हे सगळं ओळखीचं वाटतं आणि त्यामुळेच माणूस फसतो. आधी निर्धास्त खाण्याजोगी गोष्ट सांगतो. मक्याच्या टॉर्टियात मका, पाणी आणि चुना एवढंच असतं. चुना म्हणजे आपल्या पानाला लावतो तोच. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी धुऊन ओले वाटतात आणि त्या गोळ्याच्या पोळ्या करतात. म्हणून तिची चव मक्याच्या भाकरीसारखी लागत नाही. मैद्याच्या टॉर्टियात मात्र चरबी असू शकते.

आता न दिसणाऱ्या गोष्टी. घोटलेला राजमा बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात. लाल भात आणि शेवयांचं टोमॅटो सूप कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. तामाल म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून वाफवलेला पदार्थ; त्यात नुसती मिरची आणि चीज भरलं असलं, तरी बाहेरच्या पिठात चरबी फेसलेली असते. ‘शाकाहारी आहे का?’ असं विचारलंत तर विकणारी बाई ‘हो’ म्हणेल, आणि तिच्या लेखी ते खरंच असतं, कारण आत मांस नसतं. म्हणून प्रश्न नेमका विचारा : ‘येवा मान्तेका?’, म्हणजे यात चरबी आहे का. ‘मान्तेकिया’ हा वेगळा शब्द, त्याचा अर्थ लोणी. दोन्हींत गल्लत करू नका.

‘कार्ने (मांस) नको’ एवढ्यावरही भागत नाही. कार्ने म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे गोमांस येतं, मग हॅम किंवा कोंबडी घातलेली थाळी पुढ्यात येते. पूर्ण वाक्य पाठ करा : ‘नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि हामोन, नि वेवो.’ मांस, कोंबडी, मासे, हॅम, अंडं, सगळं त्यात आलं.

पोटभर काय खावं? रस्त्यावरच्या तव्यावर केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली टॉर्टिया, मागवा. आत भोपळ्याची फुलं, अळंबी किंवा वितलाकोचे. वितलाकोचे म्हणजे कणसावर येणारी काळी बुरशी. दिसायला भयंकर, चवीला अळंबीच्या जवळची. आणि एक गंमत : मेक्सिको सिटीत केसादियात चीज असेलच असं नाही! हवं असेल तर ‘कोन केसो’ म्हणावं लागतं. निवडुंगाची भाजी, नोपालेस, जरूर खा. भेंडीसारखी बुळबुळीत असते. तवा मात्र सगळ्यांना एकच. शेजारी मांस परतत असेल आणि ते चालत नसेल, तर शुद्ध शाकाहारी उपाहारगृह शोधलेलं बरं.

प्यायला ‘आग्वा दे हामाइका’ घ्या. लाल अंबाडीच्या बोंडांचं हे सरबत आंबट आणि थंडगार असतं. मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या सुमारास. सूप, भात, एक मुख्य पदार्थ आणि सरबत मिळून एका ठरलेल्या दरात येतं, त्याला ‘कोमिदा कोरिदा’ म्हणतात. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. ते दुर्लक्ष नसतं. बसलेल्याला उठवू नये असा तिथला रिवाज. शेजारच्या टेबलावरून उठणारा अनोळखी माणूस ‘प्रोवेचो’ (सावकाश जेवा) म्हणाला, तर ‘ग्रासियास’ (धन्यवाद) म्हणायचं.

प्रश्न : पाणी, पैसे आणि फिरणं याबद्दल चार गोष्टी सांगाल का? — पालक, ठाणे

नळाचं पाणी तिथले लोकही पीत नाहीत. घराघरांत २० लिटरचे जार असतात. दात घासायलाही बाटलीतलं वापरलेलं बरं. पोट बिघडलंच तर औषधाच्या दुकानात ‘सुएरो ओराल’ मागावं, तेच आपलं ओआरएस. पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागते. ते आजारपण नव्हे : शहर सुमारे २,२४० मीटरवर आहे, कळसूबाईपेक्षा जवळपास ६०० मीटर उंच. त्या दिवशी शहराजवळचे प्राचीन पिरॅमिड बघायचा बेत नको, रात्री हलकं खावं, पाणी भरपूर प्यावं.

पेसोचं चिन्हही डॉलरसारखंच असतं, त्यामुळे कॉफीसमोर ६० पाहून दचकू नये. एटीएम ‘आमच्या दराने डॉलरमध्ये बदलून देऊ का?’ असं विचारतं, तिथे नकार द्यायचा. पैसे तरीही मिळतात, आणि दर सहसा कार्डाच्या बँकेचा, म्हणजे बरा लागतो. सुट्टी नाणी जवळ असू द्यावीत. सार्वजनिक स्वच्छतागृहात ती लागतात, आणि वापरलेला कागद तिथे बहुधा डब्यात टाकायचा असतो.

मेट्रोचं तिकीट ५ पेसो. प्रत्येक स्थानकाला नावासोबत चित्र आहे. चापुल्तेपेकला नाकतोडा, कारण नावाचा अर्थच नाकतोड्याची टेकडी. भाषा येत नसली तरी चित्रावरून उतरता येतं. गर्दीच्या वेळी पुढचे डबे बायका-मुलांसाठी राखीव असतात, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. मोठी संग्रहालयं सोमवारी बंद. मार्चमध्ये हाकारांडाची झाडं फुलून रस्ते जांभळे होतात, त्याला तिकीट नाही.

प्रश्न : लेकीला फोन कधी करावा? दर वेळी वेळ चुकते. — आजोबा, पुणे

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं. मेक्सिकोने सीमेवरची काही शहरं सोडून ही पद्धत २०२२ मध्ये बंद केली. त्यामुळे हिवाळ्यात डॅलस आणि मेक्सिको सिटीची वेळ एकच असते, पण मार्चच्या सुट्टीच्या सुमारास एका तासाचा फरक पडतो आणि तो नोव्हेंबरपर्यंत राहतो. मेक्सिको सिटी भारताच्या साडेअकरा तास मागे असते, वर्षभर. पुण्यात सकाळी आठला फोन लावलात, तर तिच्याकडे आदल्या रात्रीचे साडेआठ.

प्रश्न : जाताना-येताना सामानात काय टाळावं? — विद्यार्थी, ह्यूस्टन

जाताना ई-सिगारेट नको, जप्त होते. सर्दीच्या गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन असेल तर त्याही नकोत. मेक्सिकोत त्यावर बंदी आहे, तेव्हा पाकिटामागची नावं वाचा. परतताना ताजी फळं आणि डुकराच्या मांसाचे पदार्थ आणू नका. सुक्या मिरच्यांसकट खाण्याचं जे काही असेल ते विचारल्यावर सांगून टाका. लपवलेलं सापडलं तर दंड. मोले हा मिरची-तिळाचा वाटलेला मसाला बरेच जण घेतात. तो सुरक्षा तपासणीत द्रवात धरतात, म्हणून १०० मिलिलिटरपेक्षा मोठा डबा हातातल्या बॅगेत नको. चेक-इनच्या सामानात, दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवा. तेल सुटतं त्याला.